ओळ, शेरा आणि शिरस्ता



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत त्यांचे नाव माझ्यामागच्या फलकावर लिहिलेले आहे. मी मात्र त्यांना तीस वर्षे 'सर' म्हणत आलो, आणि आज व्यासपीठावर उभा राहून निराळ्या नावाने त्यांचा उल्लेख करू गेलो तर माझी जीभ अडखळेल, म्हणून 'सर' एवढेच म्हणण्याची मुभा आपण मला द्यावी. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कळवले की, संगणकाच्या आज्ञावलीतली ओळ किती लांब असावी आणि तिच्या शेजारी शेरा कसा लिहावा, यावर मी बोलेन. दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण कोणीच बोलले नाही. मग अत्यंत अदबीने विचारणा झाली, "यावर तासभर बोलता येईल का?" मी म्हणालो, "आमच्या धंद्यातली माणसे यावर पन्नास वर्षे बोलत आहेत, आणि अजून कोणाचेच बोलून झालेले नाही."

समोर बसलेल्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांची मुले, सुना, नातवंडे सकाळी हिंजवडीच्या नाहीतर खराडीच्या बसमध्ये बसतात, आणि तेथे जाऊन ती नेमके काय करतात हे विचारण्याचा आपल्याला एव्हाना संकोच वाटू लागला असेल. ती लिहितात. आज्ञावली, जिला सर्वजण 'कोड' म्हणतात आणि मीही पुढे तसेच म्हणणार आहे, हा एक मजकूरच असतो. ओळीखाली ओळ असा, आज एकाने लिहिलेला, उद्या दुसऱ्याने दुरुस्त केलेला, आणि परवा तिसऱ्याने पहिल्या दोघांचा उद्धार करीत वाचलेला. यंत्राला त्यातल्या ओळीच्या लांबीशी बहुधा काही कर्तव्य नसते, आणि शेऱ्याशी, म्हणजे 'कमेंट'शी, तर मुळीच नसते. शेरा आला की यंत्र तो ओलांडून पुढे जाते. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून आमच्यात इतकी भांडणे झाली, त्या दोन्ही यंत्राच्या खिजगणतीतही नाहीत. मग हे भांडण कोणासाठी चालते?

गेल्या पावसाळ्यात माझी भाची काही दिवस आमच्याकडे राहून घरूनच काम करीत होती. जेवणाच्या टेबलावर तिचा संगणक, आणि संगणकातून तिच्या एका सहकाऱ्याचा आवाज. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत होतो.

"तुझी ही लाइन एकशे चौदाची झालीये, तोड."

"अगं, तोडली की वाचताच येत नाही ती. आणि स्क्रीन बघ ना आता केवढे असतात!"

"नियम शंभरचा आहे."

"कोणी केला?"

"तू यायच्या आधीपासून आहे."

हा संवाद दोन दिवस चालला, त्यात आणखी चौघांनी भाग घेतला, आणि तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले की त्या एकशे चौदा अक्षरांच्या ओळीत बेरजेच्या जागी वजाबाकी पडली आहे. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ साली हा मनुष्यस्वभाव नेमका टिपला होता: समितीपुढे अणुभट्टीचा खर्च आला तर तो पाहता पाहता मंजूर होतो, आणि सायकलींसाठी छप्पर घालायचे निघाले की प्रत्येकाला मत असते. १९९९ साली एका डॅनिश कोडकाराने हा दृष्टान्त आमच्या धंद्यात आणला, आणि तेव्हापासून अशा वादाला आमच्याकडे 'बाइकशेड' म्हणतात. मला हा दृष्टान्त अर्धाच पटतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या या पुण्यात निदान एवढे तरी आपण जाणतो की, अणुभट्टीत कोणी रोज जात नाही, पण सायकल रोज लावावी लागते.

मी तीन गोष्टी क्रमाने मांडणार आहे: ओळीचे माप कोठून आले, शेरा कशाचा लिहावा, आणि या बाबतीत फैसला कोणी करावा. तिसरीला वेळ थोडा उरेल. पण तिच्याविषयीचे माझे म्हणणेही थोडेच आहे.

प्रथम ओळ. ८० हा आकडा आमच्यात इतका रुळला आहे की, तो कोणत्यातरी गणितातून निघाला असावा असे नवख्याला वाटते. तो पुठ्ठ्यातून निघाला. १९२८ साली आयबीएम कंपनीने पंचकार्डाची नवी जात काढली. आधीच्या ४५ रकान्यांच्या कार्डावर वाटोळी भोके असत, ती जाऊन अरुंद, उभी, चौकोनी भोके आली, आणि साडेसात इंचांना किंचित कमी अशा त्या पुठ्ठ्यावर ८० रकाने बसू लागले. एका कार्डावर एक ओळ. पुढे १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा आली. ती ज्या यंत्रासाठी घडवली गेली त्याचा कार्डवाचक ८०पैकी ७२ रकानेच वाचत असे, म्हणून हुकूम लिहायचा तो सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंत, पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर असले तर ती सारी ओळ शेरा, सहाव्यात काही चिन्ह असले तर मागचीच ओळ पुढे चालू, आणि अखेरचे आठ रकाने यंत्राच्या दृष्टीने कोरे. त्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक घालावा, अशी रीत होती.

ही रीत मी एकदा पाळली नाही. ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. मी नोकरीला नवा, सायकलच्या कॅरिअरला सातशे कार्डांची पेटी सुतळीने बांधलेली, डेक्कनच्या कोपऱ्यावर पावसाची सर आली, सुतळी सैल पडली, आणि सातशे ओळींचा तो ग्रंथ रस्त्यावर पसरला. लोकांनी मदत केली. पुणेकर अशा वेळी मदत करतात, आणि करताना पेटी कशी बांधावी हेही सांगतात. अनुक्रमांक असते तर वर्गवारीच्या यंत्रात घालून ती कार्डे थोड्या वेळात पुन्हा क्रमाने लागली असती. ते घालण्याचा मी आळस केला होता. सर काही बोलले नाहीत. त्यांनी कार्यालयातल्या लांब मेजावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, ओली कार्डे त्यांवर मांडली, आणि आम्ही दोघे एकेक ओळ वाचून ती कोणाच्या मागे येणार हे ठरवीत रात्रभर बसलो. पहाटे तीनच्या सुमारास ते म्हणाले, "आता तरी कळलं का, ते आठ रकाने कोणासाठी होते?"

कार्डे गेली आणि पडदे आले. १९७८ सालचा व्हीटी-१०० हा नामांकित पडदा घ्या. त्यावरही एका ओळीत ८० अक्षरे, कारण मागच्या पिढीचे सारे लेखन त्याच मापाचे होते. पडदे रुंद झाले तरी मापाचा अंमल चालूच. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दफ्तर तेवढे पुण्यात मागे राहिले, त्यातलाच हा प्रकार. २००१ साली पायथॉन भाषेच्या मंडळींनी आपल्या लेखनाचा जाबता लिहून काढला, त्यात ओळीला ७९ अक्षरांची सीमा घातली; ज्या गटाला ती जाचक वाटेल त्याने आपसांत ठरवून ९९पर्यंत जावे, अशी सवलतही त्यात आहे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात ८०चा नियम होता, आणि तेथे समासाची एकेक पायरीच आठ अक्षरांची, म्हणून चार पायऱ्या आत गेलेल्या मजकुराला निम्म्याहून थोडीच अधिक ओळ उरत असे. अखेर मे २०२०मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी सांगितले की, केवळ ८० ओलांडले म्हणून ओळ मोडण्यात अर्थ नाही, मोडलेली ओळच पुष्कळदा वाचायला कठीण जाते; आणि तपासणी करणारे हत्यार ज्या ठिकाणी टोकत असे ते ठिकाण ८०वरून १००वर गेले. ८० मात्र इष्ट म्हणून कागदोपत्री कायम राहिले. आपल्याकडे जुना कायदा रद्द होतो आणि त्याचा शिरस्ता चालू राहतो, त्याची येथे आठवण होते.

आपण म्हणाल, रुंद पडदा आहे तर रुंद लिहावे, यात एवढा खल कशाला? मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हा खल करावा लागला नसता. तो आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, कागद संपला की शब्दाच्या पोटातच ओळ तुटली तरी बिघडत नसे. त्याच्या ओळीची लांबी म्हणजे कागदाची रुंदी, आणि तिच्या तुटण्याला अर्थ नव्हता. कोडातली ओळ कवितेच्या ओळीसारखी असते. ती जेथे तुटते तेथे वाचणाऱ्याचा श्वास थांबतो. 'खाते चालू असेल, आणि शिल्लक पुरेशी असेल, आणि सही जुळत असेल, तर रक्कम द्यावी' हा एक हुकूम समजा. हा तीन ओळींत मोडायचा तर 'आणि' कोठे ठेवाल? पहिल्या ओळीच्या शेवटी, की दुसरीच्या आरंभी? शेवटी ठेवला तर डावीकडून नजर खाली सरकवणाऱ्याला तो दिसत नाही, आणि तो 'आणि' होता की 'किंवा' होता हे पाहण्यासाठी त्याला प्रत्येक ओळीच्या टोकाशी जावे लागते; आरंभी ठेवला तर तिन्ही अटी एकीखाली एक शिपायांसारख्या उभ्या राहतात. पायथॉनवाल्यांचा सल्ला प्रथम शेवटी ठेवण्याचा होता. २०१६मध्ये त्यांनी तो फिरवला. हसू नका. 'आणि'च्या जागी 'किंवा' वाचला गेला, तर सही न जुळणाऱ्यालाही रक्कम मिळते.

आणि मोजायचे तरी काय? हा प्रश्न इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडत नाही, आपल्याला पडतो. 'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. शाळकरी मूल म्हणेल, अक्षरे चार. युनिकोडच्या हिशेबाने दहा, कारण जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्तही वेगळा मोजला जातो आणि काना-मात्राही वेगळी. आणि तेच दहा संगणकाच्या साठ्यात आज ज्या रीतीने ठेवतात तीत तीस खण अडवतात. पुण्यातच १९८८ साली सीडॅक उभी राहिली, भारतीय लिप्यांसाठी तेथे मोठे काम झाले. १९९१च्या इस्की या भारतीय प्रमाणात हाच शब्द दहा खणांत मावे. चार, दहा, की तीस? मराठीत शेरा लिहिणाऱ्याची ८०ची मर्यादा नेमक्या कोणत्या अक्षरावर संपते, हे तो कोणते हत्यार वापरतो त्यावर ठरते. ओळीच्या मापाला अविचल सत्य मानणाऱ्यांनी एकदा तरी मराठीत चार ओळी लिहून पाहाव्यात.

घड्याळाकडे पाहिले, वेळ बरीच गेली आहे. ओळीविषयी माझा निष्कर्ष सांगून टाकतो: आकडा कोणताही असो, ७९ असो की १००, तो एकदा मुक्रर करावा आणि त्यावर पुन्हा बोलू नये. शेऱ्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे.

शेरा हा शब्द मी हेतुपूर्वक योजतो. टिप्पणी म्हटले की ग्रंथाचा समास डोळ्यांपुढे येतो आणि भाष्य म्हटले की शंकराचार्य. शेरा म्हटले की कचेरी आठवते, अर्जाच्या कडेला अंमलदाराने लिहिलेले आणि पुढच्या अंमलदाराला बांधून टाकणारे ते अडीच शब्द आठवतात. कोडातला शेरा त्याच जातीचा आहे. त्याच्या रूपावरून झालेली भांडणे पाहाल तर थक्क व्हाल. सी भाषेत लांब शेऱ्याचा आरंभ तिरकी रेघ आणि तारका यांनी होतो. आता पहिला शब्द त्याच ओळीवर लिहावा, की ती खूण एकटी सोडून खालच्या ओळीपासून आरंभ करावा? लिनक्सच्या गाभ्यात सर्वत्र दुसरी रीत, आणि नेटवर्किंगच्या विभागात कित्येक वर्षे पहिली. २०१६ साली टॉर्व्हाल्ड्स यांनी त्या विभागाच्या रिवाजावर अत्यंत जहाल शब्दांत टीका केली. सारी तकरार एका कोऱ्या जागेची! पण त्या तारकांच्या पोटात काय लिहिले आहे, यावर कोणी किती बोलले?

या प्रश्नाचा विचार आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी केलेला आहे. पाणिनीने सूत्रे लिहिली, आणि ती इतकी आखूड की अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी त्या कुळातल्या लोकांना घरी मुलगा झाल्याचा आनंद होई, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. ओळ आखूड ठेवण्याच्या हौसेची ही परिसीमा. मग त्या सूत्रांवर कात्यायनाने वार्त्तिके लिहिली आणि पतञ्जलीने महाभाष्य. ज्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती आपल्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या कीलहॉर्न यांनी सिद्ध केली, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ज्याचे मराठी भाषांतर केले, त्याच्या परंपरेने वार्त्तिकाचे लक्षण सांगताना तीन शब्द दिले: उक्त, अनुक्त आणि दुरुक्त. मुळात जे सांगितले त्याचा विचार, जे सांगायचे राहिले त्याचा विचार, आणि जे चुकीचे सांगितले गेले त्याचा विचार. कोडातल्या शेऱ्यांची याहून चांगली वर्गवारी मला कोठे आढळलेली नाही.

पाहा. ओळ म्हणते, वयात एक मिळवा. आणि शेजारी शेरा म्हणतो, 'येथे वयात एक मिळवला.' हे उक्ताचे चऱ्हाट. नव्याने नोकरीस लागलेले लोक असे शेरे फार लिहितात, कारण शेरे लिहा असे त्यांना शिकवलेले असते आणि कशाचे लिहा हे शिकवलेले नसते. पण समजा, शेरा म्हणतो, 'जुन्या नोंदींत जन्मतारीख नाही, केवळ दाखल्याचे वर्ष आहे, म्हणून एक मिळवला.' हे अनुक्त. हे ओळीत कधीही दिसणार नाही, कितीही डोळे ताणले तरी. ते कोणाच्या तरी डोक्यात होते, आणि ते डोके निवृत्त झाले की नष्ट होणार होते. आणि तिसरा शेरा, 'ही रीत चुकीची आहे हे ठाऊक आहे. पलीकडचे यंत्र तारीख अशीच मागते.' हे दुरुक्त, आणि ते कबूल करायला धैर्य लागते. १९९० नंतरच्या दशकात दोन अंकी वर्षाच्या दुरुस्तीचे अमाप काम आपल्या देशात आले. कोबॉल या भाषेतल्या जुन्या ओळी आम्ही रात्रंदिवस वाचल्या, सातव्या रकान्यातली तारका दिसली की आशेने डोळे तिकडे वळत, आणि बहुतेक वेळा तेथे उक्तच लिहिलेले असे. 'वर्षाची गणना करणे.' ते दिसतच होते हो!

शेऱ्याला आणखी एक रोग आहे. ओळ चुकली तर यंत्र ओरडते, शेरा चुकला तर कोणीही ओरडत नाही. ओळ बदलणारा घाईत असतो, शेजारचा शेरा तसाच ठेवतो, आणि दोन वर्षांनी शेरा एक सांगतो आणि ओळ दुसरे करते. तेव्हा वाचणारा कोणावर विश्वास ठेवतो? माझा अनुभव असा की, तो शेऱ्यावर ठेवतो, कारण शेरा माणसाच्या भाषेत असतो.

आता आपल्याला मी येथून फार दूर नसलेल्या एका वास्तूत घेऊन जातो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाचा आरंभ झाला, आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे, अनेक संपादक, उत्तरेचे शास्त्री, दक्षिणेचे शास्त्री, विद्यापीठाचे पदवीधर, नाना लिप्यांतल्या पोथ्या, आणि पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाललेले पाठमेलनाचे काम. पुष्कळांनी मिळून एक मजकूर सिद्ध करण्याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात तरी मला ठाऊक नाही. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण करताना प्रस्तावनेत त्यांनी कामाची रीतही सांगून ठेवली. ती वाचताना मला वाटले, हे तर आमचेच लेखननियम.

उभ्या-आडव्या रेघा आखलेला फुलस्कॅप कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक. त्याखाली प्रत्येक पोथीतला पाठभेद, त्या त्या अक्षराच्या बरोबर खाली, रकान्यात. म्हणजे ओळीची लांबी येथेही बांधलेली आहे, आणि ती का बांधली हे कागदाकडे पाहताच कळते: वरून खाली नजर फिरवली की भेद दिसावा. आणि कागदाच्या उजव्या कडेला चार इंच रुंदीचा एक रकाना, केवळ शेऱ्यांसाठी. पोथीत येथे हरताळ लावला आहे, येथे समासात दुसऱ्या हाताने भर घातली आहे, असे लिहायला. भर फार लांब असली तर ती निराळ्या कागदावर उतरवून मूळ कागदास जोडायची. त्याला शोधपत्र म्हणत. फुलस्कॅपाची रुंदी मनात आणा आणि त्यातले चार इंच शेऱ्याला देणाऱ्या माणसाचा हिशेब पाहा! त्याने ओळीला कात्री लावली ती शेऱ्याला जागा मिळावी म्हणून.

आणि छापील आवृत्तीत आणखी एक खूण आहे, जिच्यावर माझे फार प्रेम आहे. संपादकाने पाठ निवडला, पण तोच मूळ असेल याविषयी त्याची पुरती खात्री नाही, तर त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. टीप नाही, समर्थन नाही, क्षमायाचना नाही. एक वाकडी रेघ. आमच्याकडे 'टू-डू' आणि 'फिक्स-मी' अशा खुणा आहेत, पण त्या पुढे काय करायचे ते सांगतात. आता जे केले आहे त्याची मलाच खात्री नाही, हे सांगणारी सर्वमान्य खूण आमच्या धंद्याला अद्याप सुचलेली नाही, आणि ती सुचली असती तर कोणत्या कंपनीने तिचा वापर करू दिला असता, हा प्रश्न मी विचारीत नाही.

तिसरी गोष्ट, फैसल्याची. शुद्धलेखनाचा वाद या शहरात किती पिढ्यांनी घातला हे आपल्याला मी सांगायला नको. 'नांव'वरचे अनुस्वार जावे की राहावे यावरून माणसे एकमेकांच्या मांडवात जाईनाशी झाली होती. मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले, १९६२ साली त्याच्या चौदा नियमांना शासनाची मान्यता मिळाली, १९७२मध्ये आणखी चारांची भर पडली. ते नियम सर्वांना पटले? मुळीच नाही. माझ्या वडिलांनी अखेरपर्यंत 'कांहीं'वर दोन अनुस्वार दिले आणि माझ्या पत्रांतले न दिलेले अनुस्वार तांबड्या शाईने भरून ती पत्रे मला परत पाठवली. पण पाठ्यपुस्तके एका वळणावर आली, जुळाऱ्याला प्रत्येक लेखकाचे निराळे लेखन सांभाळावे लागेना, आणि लोक दुसऱ्या विषयांवर भांडायला मोकळे झाले.

गो या भाषेच्या कर्त्यांनी २००९मध्ये याच्याही पुढे जाऊन मजकुराची मांडणी करणारे यंत्रच भाषेबरोबर दिले. तुम्ही कसेही लिहा, ते आपल्या रीतीने समास सोडते, अंतरे जुळवते. ओळीची लांबी मात्र त्याने लिहिणाऱ्याच्या विवेकावर सोडली आहे. त्याची रीत पसंत असलेला माणूस सापडणे कठीण, असे त्या भाषेचे लोकच गमतीने म्हणतात, आणि ते यंत्र नको म्हणणाराही सापडत नाही. मला हा तहनामा मान्य आहे. मांडणी यंत्राकडे द्यावी. पण ज्या दिवशी गटातले वाद मिटले म्हणून व्यवस्थापक संतोषाने बैठक आटोपती घेतील, त्या दिवशी कोणीतरी हात वर करून विचारावे की, आता उरलेल्या वेळात शेरे वाचायचे का? मांडणीचा वाद मिटणे उत्तम. शेऱ्याचा वाद मिटला तर समजावे की कोणी शेरे वाचीत नाही. सरांच्या हाताखाली ओळीच्या लांबीवरून मला एकदाही बोलणे बसले नाही. शेऱ्यावरून बसले. "हे कोणाला सांगतोयस?" हा त्यांचा एकच प्रश्न असे, आणि उत्तर देता आले नाही तर शेरा खोडला जाई.

एक शेरा मात्र त्यांच्या नजरेतून सुटला. तो माझा होता, आणि त्याची हकीगत सांगून मी आपली रजा घेतो.

मागच्या वर्षी एका अपरिचित मुलीचा फोन आला. आम्ही चाळीस वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी लिहिलेले पगारपत्रकाचे कोबॉल अजून चालू होते. ते आता नव्या भाषेत उतरवण्याचे काम तिच्या गटाकडे आले होते, आणि जुन्या कागदांत कोठेतरी तिला माझे नाव आढळले. "सर, एक शंका होती," ती म्हणाली. "विभाग सतरा असेल आणि महिन्यात पाच गुरुवार असतील, तर हजेरीत एक दिवस मिळवलाय. बाकी कुठल्याच विभागाला नाही. आणि वर कमेंट आहे, इंग्रजी अक्षरांत पण मराठी. 'सरांना विचारल्याशिवाय काढू नये.'"

मी गप्प राहिलो.

"कुठल्या सरांना विचारायचं?" तिने विचारले.

गुरुवार का, हे मी तिला सांगू शकलो. भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून. तेव्हा पाच गुरुवारांच्या महिन्यात त्या लोकांचा एक दिवस जास्त बुडत असणार. पण तो त्यांना परत का मिळाला, आणि एकट्या सतरा नंबरलाच का? कामगार संघटनेशी काही करार झाला होता? की त्या विभागाची भट्टी सुट्टीच्या दिवशीही पेटती ठेवावी लागे, आणि कोणाला तरी यावेच लागे? सरांनी मला ते सांगितले होते. मी ते ऐकले होते, आणि लिहिताना मला वाटले की, एवढे लिहून ओळ कशाला लांबवायची, सर तर शेजारच्याच खोलीत बसतात.

मी तिला म्हणालो, "ते सर आता नाहीत. भट्टीचं मी सांगतोय तो माझा अंदाज आहे. लिहायचं तर अंदाज म्हणूनच लिही."

आठ दिवसांनी तिने नव्या कोडातल्या त्या जागेचे छायाचित्र पाठवले. तिने ओळ काढली नव्हती. वर शेरा होता, या खेपेस देवनागरीत, तीन ओळींचा: गुरुवारची सुट्टी, भट्टीचा अंदाज, अंदाज कोणाचा आणि कोणत्या तारखेचा. आणि 'भट्टी' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तिने एकेक नागमोडी रेघ घातली होती. मी तिला सुकथनकरांविषयी काही सांगितले नव्हते.